नवीन मशीन आणा, पण हात जुनेच राहू द्या



व्हिडिओखाली एक प्रश्न सारखा येतो. "सर, धंदा बरा चाललाय. आता काहीतरी नवीन आणायचंय. पण जुनं गिऱ्हाईक तुटलं तर?"

आज याचं उत्तर एका हेवी मेटल बँडच्या गोष्टीतून देतो. हे संगीत आवडत नसलं तरी वाचा. बँड म्हणजे शेवटी काय, पाच जणांनी मिळून चालवलेला धंदाच.

बँडचं नाव आयर्न मेडन. स्टीव्ह हॅरिस या बेस गिटार वाजवणाऱ्या तरुणाने १९७५ साली पूर्व लंडनमध्ये तो सुरू केला. १९८४ पर्यंत त्यांचा माल पक्का ठरला होता. दोन गिटार एकमेकींचा हात धरून चालणार, खाली हॅरिसचा घोडदौडीसारखा बेस, वर ब्रूस डिकिन्सनचा चढा आवाज. त्या ऑगस्टमध्ये सुरू झालेला त्यांचा दौरा पुढच्या जुलैपर्यंत चालला. माणसं पार थकली, पण मागणी जोरात होती. तोच माल पुन्हा दिला असता तरी खपला असता.

नेमकं तेव्हाच त्यांनी सिंथेसायझर आणला.

ही जोखीम लहान नव्हती. मेटलच्या कट्टर श्रोत्यांना सिंथेसायझर म्हणजे पॉपवाल्यांचं वाद्य वाटायचं, साजूक तुपात डालडा मिसळल्यासारखं. त्याच वर्षी, १९८६ मध्ये, ज्युडास प्रीस्ट या दुसऱ्या मोठ्या बँडने 'टर्बो' अल्बममध्ये हेच केलं आणि त्यांचे बरेच जुने चाहते नाराज झाले.

मग मेडनने काय केलं? कीबोर्डवाला नेमला नाही. त्यांनी गिटार सिंथेसायझर घेतला. यात गिटारला एक खास पिकअप असतो. तो तारेचं कंपन ओळखतो आणि जोडलेलं यंत्र त्यावरून सिंथचा आवाज काढतं. म्हणजे आवाज नवीन, पण वाजवणारे हात डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथचेच. 'समव्हेअर इन टाइम' हा अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरपर्यंत गेला. ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं की हे मेडनच आहेत.

पुढची पायरी दोन वर्षांनी. १९८८ च्या 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन'मध्ये खरे कीबोर्ड आले. प्रोग्रेसिव्ह रॉकसारखी लांब, मध्येच वळणं घेणारी रचना आली. सातव्या मुलाच्या सातव्या मुलाला भविष्य दिसतं, या कल्पनेभोवती अख्खा अल्बम बांधला. ब्रिटनमध्ये तो पहिल्या नंबरवर गेला. दौऱ्यावर कीबोर्ड कोणी वाजवला? हॅरिसचे बेस सांभाळणाऱ्या टेक्निशियनने, मायकेल केनीने. घरातलाच माणूस!

अजून एक गोष्ट, भागीदारीत असणाऱ्यांसाठी. १९८६ च्या अल्बमसाठी डिकिन्सनने अकूस्टिक, शांत गाणी आणली होती. ती नाकारली गेली. त्या अल्बमवर गीतकार म्हणून त्याचं नाव एकाही गाण्यावर नाही. पण तो रुसून गेला नाही आणि बाकीच्यांनीही त्याला बाजूला सारलं नाही. १९८८ च्या आठ गाण्यांपैकी चारांमध्ये त्याचं लेखन आहे. आयडिया नाकारा, माणूस नाकारू नका.

आता माझं मत बँडच्या विरोधात जातं. १९८८ चा अल्बम अमेरिकेत आधीच्यापेक्षा कमी चालला. १९९० साली त्यांनी सगळं मागे घेतलं आणि साधा, रांगडा आवाज धरला. तो अल्बमही ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरवर गेला, म्हणजे गल्ला भरला. पण ही दिशा एड्रियन स्मिथला पटली नाही आणि तो बाहेर पडला. प्रयोगाच्या काळातलं 'वेस्टेड इयर्स' हे गाजलेलं गाणं त्याचंच. तो परत यायला १९९९ उजाडलं. एका बाजारात आकडा थोडा खाली आला म्हणून घाईने माघार घेतली, तर गिऱ्हाईक टिकेलही, पण कारागीर जातो. तो नुकसानीच्या वहीत दिसत नाही.

आणि ज्या प्रयोगाची भीती होती त्याचं पुढे काय झालं? १ फेब्रुवारी २००८ ला मेडनचा 'समव्हेअर बॅक इन टाइम' दौरा सुरू झाला, तो आपल्या मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर. नाव त्याच १९८६ च्या अल्बमवरून. २०२३ च्या दौऱ्यातही त्या अल्बमची गाणी मध्यभागी होती. तेव्हाचा 'डालडा' आज चाहत्यांना साजूक तूप वाटतो!

आता तुमचं बोलू. हाताने कांडलेला मसाला विकता आणि कांडप मशीन घेताय? जरूर घ्या. पण मिरची कुठली, भाजायची किती, हे ज्या काकू आजवर ठरवत आल्या त्यांच्याच हातात राहू द्या. एक पायरी चढा, गिऱ्हाइकाला चव ओळखू द्या, मग दुसरी. आणि पहिल्या मंद महिन्यात मशीन विकायला काढू नका.

तुमच्या धंद्यातला 'हॅरिसचा बेस' कोणता, जो काहीही झालं तरी हलवायचा नाही? आज रात्री वहीत एका ओळीत लिहा. ती ओळ लिहिता येत नसेल, तर नवीन मशीनचं कोटेशन सध्या मागवू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.