मुदत वाढली, आता सोबत हवी

मा. कुलगुरू,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर
यांस,

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी, साकोली, तुमसर, लाखांदूरच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवत पीएच.डी. करणाऱ्या मुलींसाठी हे पत्र. मुली म्हणते खरी, पण त्यांतल्या कित्येक जणी पस्तिशी ओलांडलेल्या. घरात सासू-सासरे, शाळेत जाणारी लेकरं आणि धानाची शेती.

नियमांनी त्यांचा विचारच केला नाही, असं मी म्हणणार नाही. यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांनी स्त्रियांना पीएच.डी.साठी दोन वर्षं जादा दिली. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडता येते. पण समितीपुढे उभं राहण्याआधीचं कुणी सांगायचं? कोणत्या नियतकालिकात निबंध पाठवावा आणि कोणतं नुसतं पैसे उकळणारं. निबंधावर आपल्याआधी गाइडचं नाव आलं तर कसं बोलावं. मुलाखतीत ‘लग्नाचं काय?’ असं विचारलं तर काय उत्तर द्यावं. पुरुष सहकाऱ्यांना यातलं बरंच काही चहाच्या टपरीवर, नाहीतर सरांच्या गाडीत मागे बसून आपसूक कळतं. गाइडनं ‘मॅडम, चारनंतर या’ म्हटलं, की बाईचं अर्धं लक्ष नागपूरच्या बसस्टँडवर. लाखांदूर तिथून शंभरावर किलोमीटर आहे.

कमला सोहोनींना १९३३ मध्ये सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, त्या हटून बसल्या, ही गोष्ट आपण महिला दिनाला हमखास सांगतो. मला त्यात एम. श्रीनिवासय्या जास्त महत्त्वाचे वाटतात. दार उघडल्यावर आत त्यांना कसून शिकवणारे तेच होते. पुढे १९३९ मध्ये सोहोनींना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. हट्ट तर आमच्याही मुलींकडे आहे.

तेव्हा मागणी एवढीच: जिल्ह्यातल्या प्रत्येक संशोधक स्त्रीला गाइडखेरीज एक ज्येष्ठ प्राध्यापिका नेमून द्या. ती दुसऱ्या महाविद्यालयातली असावी आणि त्या संशोधक स्त्रीच्या कुठल्याही समितीवर नसावी, म्हणजे गाइडबद्दलही मोकळेपणानं बोलता येईल. भेटी भंडाऱ्यात व्हाव्यात, नागपुरात नकोत. आणि या कामाची नोंद त्या प्राध्यापिकेच्या पदोन्नतीच्या गुणांत धरा. नाहीतर रांगोळी, स्वागत आणि सूत्रसंचालनासारखं आणखी एक फुकटचं काम बायकांच्याच गळ्यात पडायचं. आम्हा निवृत्त बायकांनाही बोलवा. मानधन राहू द्या, एसटीचं भाडं पुरे.

फक्त पहिली बैठक धानाच्या रोवणीच्या दिवसांत ठेवू नका. निम्म्या जणी बांधीत असतील.

आपली,
भंडारा जिल्ह्यातली एक निवृत्त प्राध्यापिका