सिंगल ओटी

कारखान्यांतील जादा कामाची मर्यादा तीन महिन्यांना ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती हवी, अशी अटही घातली. १४४ तास म्हणजे महिन्याला ४८ तास. आठवड्याच्या कामाचे तासही ४८च. थोडक्यात, दर महिन्यात आणखी एक आख्खा आठवडा काम करून घ्यायची ही मुभा आहे.

ओव्हरटाइमला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी वाढतात, कधी रिलिव्हर येत नाही आणि लाइन बंद ठेवून चालत नाही. दोन महिन्यांच्या घाईसाठी नवी माणसे घेऊन त्यांना शिकवणे लहान उद्योजकाला परवडत नाही. कामगारालाही मुलांची फी, गावाकडच्या घराचा स्लॅब याच पैशातून उरकता येतो. चाकण किंवा वाळूजमध्ये पोरे नोकरी धरताना आधी विचारतात, ‘ओटी आहे का?’

हा प्रश्न हौसेने विचारला जात नाही. नुसत्या पगारात खोलीभाडे, मेस आणि गाडीचा हप्ता बसत नाही, म्हणून विचारला जातो. पण ओटी करताना बाराव्या तासाला डोळा लागतो. मग माल रिजेक्ट होतो आणि प्रेसखाली बोटे जातात.

जादा तासाला दुप्पट दर १९४८ च्या कारखाने कायद्यात होता, नव्या श्रमसंहितेतही तो कायम आहे. ओव्हरटाइम लावताना मालकाचा हात आखडावा, हाच त्याचा उपयोग. ठेकेदाराच्या कामगाराला मात्र अनेक ठिकाणी ‘सिंगल’ ओटी मिळते. आठ तास जादा राबला की त्याच्या नावावर एक हजेरी वाढते, बस्स. जादा तास असा स्वस्तात मिळत असेल तर नवा माणूस भरतो कोण? आणि ‘उद्यापासून येऊ नको’ एवढे ऐकवून ज्याला घरी बसवता येते, त्याची लेखी संमती कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याइतकीच मोलाची.

तेव्हा मर्यादा वाढवण्याआधी सरकारने पगाराच्या स्लिपा तपासाव्यात. जादा तास आणि त्यांचा दर स्वतंत्र रकान्यात दिसलाच पाहिजे, आणि ठेकेदाराने बुडवलेली रक्कम मूळ कंपनीकडून वसूल झाली पाहिजे. दुप्पट पैसे खरोखर मोजावे लागले, तर १४४ तासांची गरज किती कारखान्यांना आहे, हे पहिल्याच तिमाहीत कळेल.