दिवसा एक्सेल, रात्री मालिका

लॉकडाऊन संपला, कंपन्यांनी माणसं परत बोलावली आणि पुण्यात घराघरांत एकेक मॉनिटर मागे राहिला. बावीस नाहीतर चोवीस इंची, काळा, एका पायावर उभा. आमच्याकडचा मुलाचा. तो बंगळुरूला गेला, तिथे त्याला ऑफिसने दुसरा दिला, आणि हा माळ्यावर जायच्या बेतात असताना सासूबाईंनी विचारलं, "त्यावर माझी मालिका लागेल का गं?"

लागते. चित्र तर झकास लागतं. स्वस्तातला ३२ इंची टीव्ही बहुतेक वेळा 'एचडी रेडी' असतो, म्हणजे १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा. साधा मॉनिटरही आता बहुधा १९२० बाय १०८० असतो. म्हणजे लहान पडद्यावर जवळजवळ दुप्पट ठिपके. पलंगावरून चार-पाच फुटांवर ठेवला तर खालची अक्षरंसुद्धा कोरल्यासारखी दिसतात. हे एचडी वाहिन्यांचं आणि ओटीटीचं. साध्या वाहिनीचं चित्र मुळात ५७६ ओळींचं. ते ताणून मोठं करताना टीव्ही थोडी रंगसफेदी करून घेतो, मॉनिटरला ती कला फारशी येत नाही. जुने चित्रपट त्यावर चांगलेच विस्कटलेले दिसतात.

खरी कटकट आवाजाची. स्वस्त मॉनिटरला बहुधा स्पीकरच नसतो. तापकीर गल्लीतल्या दुकानदाराने मी केबल मागताच पहिला प्रश्न तोच केला. "ताई, बॉक्स लावणार का स्टिक? आणि आवाज कुठून काढणार, ते आधी सांगा." मला हसू आलं, पण प्रश्न अगदी मुद्द्याचा होता.

सेट-टॉप बॉक्स असेल तर सोपं आहे. एचडीएमआयची वायर मॉनिटरला, आणि बॉक्सच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिना कॉम्प्युटरच्या साध्या स्पीकरला. आवाज बॉक्सच्याच रिमोटने कमी-जास्त होतो, सासूबाईंना नवीन काही शिकावं लागत नाही. ओटीटीची स्टिक लावली की मात्र गंमत सुरू होते. स्टिकला लाल-पांढऱ्या पिना नाहीत, एचडीएमआयचं एकच तोंड. आवाज त्याच वायरीतून मॉनिटरमध्ये जातो आणि मॉनिटरला हेडफोनचं भोक असेल तरच बाहेर येतो. तेव्हा घरातला मॉनिटर आधी उलटा करून ते भोक आहे का बघावं, मग पुढची खरेदी. त्यातही स्टिकच्या रिमोटवरचं आवाजाचं बटण टीव्हीला हुकूम सोडतं, स्वतः काही करत नाही. मॉनिटरला तो हुकूम कळत नाही. जाहिरात लागली आणि आवाज चढला की उठायचं, स्पीकरची चकती फिरवायची, परत येऊन बसायचं. गुडघे दुखणाऱ्या बाईला ही व्यवस्था कशी देणार? ब्लूटूथ स्पीकर हा एक मार्ग, पण काही वेळा ओठ आधी हलतात आणि संवाद मागाहून पोचतो. मालिकेत तेही चालून जातं म्हणा, तिथे एका वाक्यावर तीन-तीन चेहरे दाखवून होतात.

दुसरी अडचण कुणी आधी सांगत नाही. आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला ५० च्या हिशेबाचं, कॉम्प्युटरचे पडदे ६० च्या. बरेच मॉनिटर ते सांभाळून घेतात, फक्त बातम्यांची खालची पट्टी किंचित अडखळत सरकते. काही मॉनिटर मात्र सरळ 'इनपुट नॉट सपोर्टेड' अशी पाटी दाखवून मोकळे होतात. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन १०८०आयच्या जागी ७२०पी करून बघावं लागतं. आता पडद्यावर काही दिसतच नसताना सेटिंग बदलायचं कसं? बॉक्स उचलून हॉलमधल्या टीव्हीला लावायचा, तिथे बदलायचं आणि परत आणायचा. मॉनिटर फारच जुना, फक्त निळ्या व्हीजीए तोंडाचा असेल तर नाद सोडलेला बरा. कन्व्हर्टर मिळतो, पण ओटीटीवाल्यांचं कॉपीसंरक्षण त्याला दाद देत नाही आणि बऱ्याचदा पडदा काळाच राहतो.

एके काळी हेच उलटं होतं. नव्वदच्या दशकात चौकोनी कॅसेटचा व्हिडिओ गेम टीव्हीच्या अँटेनाच्या तोंडाला जोडायचा, कारण घरात पडदा तो एकच. मग दोन हजारनंतर हॉस्टेलांत आणि कॉट बेसिसवरच्या खोल्यांत टीव्ही ट्यूनरचे डबे आले. केबलवाल्याची वायर डब्यात, डबा मॉनिटरला, सोबत छोटा रिमोट, आणि सामना असला की एका खोलीत सगळा मजला. ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस मुंबईत आणि मार्च २०१३ च्या अखेरीस पुणे-नागपूर-नाशकात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि त्या डब्यांतला ट्यूनर निकामी ठरला.

हॉस्टेलमधल्या त्या गर्दीतही बाजूला बसलेल्यांची नीट दिसत नाही अशी तक्रार असायची, आणि मॉनिटरची खरी मर्यादा तीच आहे. तो एका माणसासाठी, खुर्चीत, समोरासमोर बसण्यासाठी केलेला असतो. आपलं घर टीव्हीसमोर असं बसत नाही. आजी पलंगावर, मुलं खाली सतरंजीवर, कुणी स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत उभं. स्वस्त टीएन पॅनलचा मॉनिटर खालून बघितला तर गोरा नायक काळवंडतो, आणखी खालून बघितला तर फोटोच्या निगेटिव्हसारखा दिसतो. आयपीएस पॅनल असेल तर हा त्रास जवळजवळ जातो, म्हणून खोक्यावर इंच वाचण्याआधी ही तीन अक्षरं शोधावीत. तरीही बावीस इंचांत कुटुंब मावत नाही. एकट्या माणसाच्या खोलीसाठी हा टीव्ही आहे. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा, आमच्या सासूबाई, रात्रपाळीहून आलेली नर्स. यांच्यासाठी तो टीव्हीपेक्षा बराच, कारण दिवसा तोच अभ्यासाला आणि बिलं भरायलाही होतो.

त्याची आणखी एक गोष्ट मला आवडते. तो मूर्ख आहे. चालू केला की चित्र दाखवतो, अपडेट मागत नाही, आधी जाहिरात दाखवत नाही. तुम्ही काय बघता याची नोंद ठेवत नाही. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीचे स्मार्ट टीव्ही ही नोंद प्रेक्षकांना न विचारता ठेवत होते, त्यापायी कंपनीला २०१७ साली २२ लाख डॉलर भरावे लागले. अर्थात मॉनिटरला स्टिक खोचली की पाळत ठेवणारा मागच्या दाराने घरात आलाच, पण निदान तो उपटून ठेवता येतो. आणि चार-पाच वर्षांनी ॲप चालेनाशी झाली तर दीड-दोन बोटांची स्टिक बदलायची, अख्खा पडदा नाही.

पैशांचं काय? मॉनिटर घरात पडून असेल तर स्पीकर, वायर आणि बॉक्सचं जादा कनेक्शन एवढ्यात भागतं. नवा घ्यायचा असेल तर मी थांबवीन. मॉनिटर, स्टिक, स्पीकर, जास्तीचा एक्स्टेन्शन बोर्ड, भिंतीवर लावायचा ब्रॅकेट अशी बेरीज केली की ३२ इंची टीव्हीची किंमत फार लांब राहत नाही. करातही फरक नाही. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीला आणि मॉनिटरला जानेवारी २०१९ पासून सारखाच १८ टक्के जीएसटी आहे. ब्रॅकेट घेणार असाल तर मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूंची भोकं आहेत ना, हे बघून घ्या. स्वस्त मॉडेलांत ती कधी कधी नसतात.

माझ्या बहिणीने हे सगळं ऐकून घेतलं आणि तरी नवा मॉनिटरच घेतला. तिचं डोंबिवलीला वन रूम किचन आहे. ३२ इंची टीव्ही जवळजवळ पाऊण मीटर रुंद, मॉनिटर अर्धा मीटर. टीव्ही लावला असता तर कपाटाचं एक दार उघडलं नसतं, आणि तिच्या साड्या त्याच दारामागे आहेत.