रोगाचें नांव आणि देशाची अब्रू

साथीच्या काळांत वर्तमानपत्राचा मथळा नुसता मथळा राहत नाहीं. पुरावा तपासण्यापूर्वींच दिलेला तो निकाल ठरतो. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाचें उदाहरण पाहा. लढणाऱ्या राष्ट्रांनीं आपल्या पत्रांचीं तोंडें बांधलीं. तटस्थ स्पेनमधील पत्रांनीं खरी बातमी छापली, आणि खरें बोलल्याचें बक्षीस म्हणून तो रोग जगभर 'स्पॅनिश' ठरला!

तोच अन्याय २०२१ सालीं आपल्या वांट्यास आला. जानेवारींत पुण्यांत तयार झालेली लस परदेशीं निघाली, तेव्हां हिंदुस्थान 'जगाचें औषधालय' म्हणून वाखाणला गेला. एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट उसळतांच परकी पत्रांत जळत्या चिता हेंच या देशाचें रूप झालें, व विषाणूच्या नव्या प्रकारास 'इंडियन व्हेरिअंट' हें नांव चिकटलें. रोगास स्थळाचें नांव देऊं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालींच बजावलें होतें. तरीही 'डेल्टा' हें नांव मिळण्यास ३१ मे २०२१ उजाडावा लागला. मृत्यू खरे होते. ते छापणें कर्तव्यच होतें. आमचा आक्षेप बातमीस नाहीं, तिच्या आडून देशास लावलेल्या डागास आहे. आपल्या सरकारनें घेतलेली हरकत रास्तच होती.

परंतु फिर्यादीनें स्वतःचे हातही तपासावे. 'चिनी विषाणू' हा शब्द त्यापूर्वीं वर्षभर आपल्याच तोंडीं खेळत नव्हता काय? ईशान्येकडील आपल्याच देशबंधूंना भर रस्त्यांत 'कोरोना' म्हणून हिणवणारे परके होते काय? न्यायाच्या तराजूस दोन मापें चालत नाहींत.

यांत केवळ अब्रूचा प्रश्न नाहीं. १८९७ मध्यें पुण्यांत प्लेगच्या झडतीस गोरे शिपाई घरोघर घुसले, तेव्हां भयानें लोक रोगी लपवूं लागले. रोगास शत्रू म्हटलें कीं रोगी फितूर ठरतो, आणि फितूर ठरण्यापेक्षां माणूस गप्प बसणें पसंत करतो. मुळशी तालुक्यांत पौड-पिरंगुटचा व्यापार व हिंजवडीची नोकरी पुण्याच्या वर्दळीवर चालते. येथें एखाद्या आळीस 'कोरोनाची आळी' म्हटलें, तर तिचें गिऱ्हाईक तुटेल आणि पुढच्या तापाची वार्ता घरांतच दडेल. दडलेली साथ मग शेजारच्या आळीसही सोडणार नाहीं.

म्हणून आम्ही पत्रकारांनीं आंकडे छापावे, उपाय छापावे, सरकारची कसूरही निर्भयपणें छापावी. पण रोगास रोगाच्याच नांवानें ओळखावें. आणि वाचकांनीं दुसऱ्यास तोच न्याय द्यावा, जो ते स्वतःसाठीं मागतात.