जबडा टेक्ससचा, रातपाळी बोरिवलीची

टेक्ससमधील दंतवैद्य सकाळी आठ वाजता आपला दवाखाना उघडतो, तेव्हा हिवाळ्यात मुंबईत संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील फलाटांवर कचेरीतून परतणाऱ्यांची गर्दी उतरत असते आणि नेमक्या त्याच सुमारास या उपनगरांतील काही घरांत कामाचा दिवस सुरू होतो. दार लावून घेतलेल्या खोलीत संगणकाच्या पडद्यावर एका अनोळखी माणसाच्या जबड्याचे क्ष-किरण चित्र उमटते. ते त्याच रुग्णाचे आहे ना, डावे-उजवे बरोबर आहे ना, हाडाची कड नीट दिसते ना, हे पडताळून विमा कंपनीकडे जाणाऱ्या दाव्याला ते जोडावयाचे असते. काम संपते तेव्हा टेक्ससमध्ये सायंकाळचे पाच आणि येथे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. हे काम करणारी व्यक्ती पुष्कळदा स्वतः दंतवैद्यकाची पदवीधर असते.

जाहिरातींत या कामाला 'डेंटल इमेजिंग स्पेशालिस्ट', 'डेंटल बिलर', 'व्हर्च्युअल असिस्टंट' अशी निरनिराळी भारदस्त नावे दिसतात. त्यांतला मोठा भाग विम्याचा आहे. अमेरिकेत दातांचा विमा बहुधा इतर वैद्यकीय विम्याहून वेगळा घ्यावा लागतो आणि त्याची वार्षिक कमाल मर्यादा सामान्यतः एक ते दोन हजार डॉलरच्या आसपास असते. एक रूट कॅनाल आणि त्यावरची कॅप एवढ्यातच ती संपू शकते. साहजिकच रुग्ण खुर्चीत बसण्यापूर्वी त्याच्या विम्यात किती रक्कम उरली आहे आणि कोणत्या उपचाराला त्यातून किती मिळणार, हे कोणीतरी तपासून ठेवावे लागते. उपचारानंतर अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या संकेतांप्रमाणे बिल तयार करावयाचे. संपूर्ण जबड्याचे चित्र म्हणजे 'डी ०३३०', सिरॅमिकची कॅप म्हणजे 'डी २७४०'. कॅपचा दावा चित्रावाचून सहसा मंजूर होत नाही आणि येथेच चित्र जाणणारा माणूस लागतो. मुंबईत शिकलेल्या दंतवैद्याला त्यासाठी आधी स्वतःची अंकमोजणी बाजूला ठेवावी लागते. भारतात खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या दाढेला ३६ हा क्रमांक आहे, अमेरिकेत तीच दाढ १९ असते. क्रमांक चुकला की दावा परत येतो. याहून वरच्या दर्जाची कामेही आहेत. त्रिमितीय स्कॅनवर जबड्यातील नसेचा मार्ग आखून देणे, इम्प्लांट बसवावयाची जागा सुचविणे, कॅपचा आकार संगणकावर घडविणे अशी ती कामे होत. अर्थात ती थोड्यांच्या वाट्याला येतात.

उपनगरांना परदेशाच्या घड्याळावर चालण्याची सवय नवी नाही. अंधेरीचे सीप्झ १९७३ मध्ये निर्यातीसाठीच सुरू झाले. गोरेगावात जेथे निरलॉनचा कारखाना होता, तेथे आज त्याच नावाचे कचेऱ्यांचे संकुल उभे आहे. मालाडची कॉल सेंटरे अनेक तरुणांनी आतून पाहिली आहेत, आणि त्याही आधी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकन डॉक्टरांचे ध्वनिमुद्रित टिपण ऐकून टंकित करण्याचे, म्हणजे मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचे शिक्षण देणारे वर्ग निघाले होते. परंतु या सर्व कामांत एक गोष्ट समान होती. इमारत मालकाची होती, वीज मालकाची होती, रात्री घरी पोचविणारी गाडीही मालकाचीच होती. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने अशा सेवा देणाऱ्या कंपन्यांवरील नोंदणीचे बंधन काढून टाकले आणि कर्मचाऱ्यांना घरून वा कोठूनही काम करू देण्याचा मार्ग मोकळा केला. महामारीच्या काळात ती सोय आवश्यकच होती. महामारी ओसरली, सोय मात्र राहिली.

त्या सोयीचा हिशेब नीट मांडला गेलेला नाही. मुंबईत व्यवसायाचा सर्वांत जड खर्च कोणता, तर जागेचा. घरून होणाऱ्या कामात तोच खर्च मालकाच्या वहीतून पुसला जातो आणि कुटुंबाच्या वहीत चढतो. रुग्णाची माहिती गुप्त राखण्याविषयी अमेरिकेत १९९६ चा कडक कायदा आहे. त्यामुळे कामाच्या वेळी खोलीत दुसरे कोणी असू नये, पडदा कोणाच्या नजरेस पडू नये, अशा अटी करारात असतात. अट रास्तच आहे. पण बोरिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात एक खोली रोज नऊ तास बंद राहणार याचा अर्थ सासू-सासरे आणि शाळकरी मुले उरलेल्या एका खोलीत राहणार. त्या बंद खोलीचे भाडे कोणत्याही करारात धरलेले नसते. घरबसल्या मिळकत म्हणून जी रक्कम सांगितली जाते, तीतून खोली, वीज, इन्व्हर्टर, इंटरनेट आणि रात्रीचा दर वजा करून पाहावा. मालाडच्या चाळींत खोट्या दागिन्यांना खडे चिकटविणाऱ्या बायकांचा हिशेब याच पद्धतीचा आहे. फरक इतकाच, की त्यांच्यापाशी पाच वर्षांची पदवी नसते.

पदवीधर या कामाकडे वळतात ते हौसेने नव्हे. देशात दंतवैद्यकाची तीनशेहून अधिक महाविद्यालये आहेत आणि त्यांतली बहुसंख्य खाजगी आहेत. मुंबईत नायर रुग्णालयाचे महापालिकेचे आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय अशी जुनी महाविद्यालये आहेत खरी, पण तेथील जागा मोजक्या. इतरांना खाजगी महाविद्यालयांची भारी फी भरून पदवी घ्यावी लागते. पदवी हाती आल्यावर पुढे तीनच वाटा दिसतात. स्वतःचा दवाखाना काढावा, तर अंधेरीत किंवा घाटकोपरला गाळ्याची अनामत, खुर्ची, क्ष-किरण यंत्र यांचे भांडवल नाही. दुसऱ्याच्या दवाखान्यात उमेदवारी करावी, तर मोबदला अनिश्चित. सरकारी जागा अगदीच थोड्या. दंतवैद्यकाच्या वर्गांत मुलींची संख्या मोठी आहे आणि लग्न व मूल यांनंतर संध्याकाळचा दवाखाना सांभाळणे त्यांतल्या अनेकींना अशक्य होते. अशा स्थितीत डॉलरमध्ये येणारे पैसे कोणी नाकारावेत असा उपदेश करणे सोपे आहे, पण तो निरर्थक आहे. हे काम प्रामाणिक आहे, त्याने घरे चालतात. प्रश्न आहे तो या कामाच्या शिडीला वरच्या पायऱ्या आहेत की नाहीत, हा.

आणि त्या नाहीत, असेच म्हणावे लागते. चित्रावरून निदान करण्याचा, त्याखाली सही करण्याचा अधिकार त्या त्या अमेरिकन राज्याचा परवाना असलेल्या दंतवैद्याकडेच राहतो. मुंबईच्या पदवीधराने जबड्यातील गाठ आधी पाहिली, तरी अहवालावर त्याचे नाव नसते. रुग्णाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हा नियम योग्य आहे, कारण चूक झाल्यास जाब विचारण्यासाठी तेथे माणूस सापडला पाहिजे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा, की मोबदला सहीला मिळतो आणि सहीपर्यंत पोचविणाऱ्या श्रमाला मजुरी मिळते. दहा वर्षांचा अनुभव असलेल्या आणि काल लागलेल्या व्यक्तीत मोबदल्याचे अंतर त्यामुळे फारसे वाढत नाही. वाढलेच, तर मालकाला दुसरे गाव सापडते.

ही भीती काल्पनिक नव्हे. पारदर्शक साच्यांनी दात सरळ करण्याचा व्यवसाय जगभर नेणारी अलाइन ही अमेरिकन कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली. रुग्णांचे दात संगणकावर एकेक हलवून दाखविण्याचे तिचे काम सुरुवातीच्या वर्षांत लाहोरमधील तरुण करीत असत. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर ते काम तेथून उचलले गेले आणि मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या लहानशा देशात रुजले. लाहोरच्या तरुणांच्या कौशल्यात एका रात्रीत काहीही उणे आले नव्हते. कारखाना हलवावयाचा तर यंत्रे उपटावी लागतात. येथे मात्र जोडणी तोडली की झाले. अमेरिकेच्या सेनेटमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशी करवून घेतलेल्या कामाच्या मोबदल्यावर २५ टक्के कर बसविण्याचे विधेयक मांडले गेले. असे विधेयक मांडले जाऊ शकते, एवढ्यावरूनही वाऱ्याची दिशा कळते.

दुसरा धोका अधिक जवळचा आहे. क्ष-किरण चित्रातील कीड आपोआप दाखविणाऱ्या संगणक-प्रणालींना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अलीकडच्या वर्षांत मान्यता दिल्या आहेत. २०२२ ची एक मान्यता बरीच गाजली. अशा प्रणाली शिकतात त्या जाणकारांनी खुणा करून दिलेल्या हजारो चित्रांवरून. कीड कोठे, हाड किती झिजले, जुने सिमेंट कोठे, हे चित्रागणिक दाखवून देण्याच्या या उक्त्या कामासाठी दंतवैद्यकाचे पदवीधर लागतात. ट्रान्सक्रिप्शन शिकलेल्या पिढीला हा अनुभव येऊन गेला आहे. यंत्राला बोलणे ऐकू येऊ लागले, तेव्हा टंकन करणारे केवळ यंत्राच्या चुका दुरुस्त करणारे झाले आणि त्यांचा दर उतरला.

कायद्याची बाजू पाहिली तर चित्र काढणारे यंत्र आणि चित्र पाहणारा माणूस यांच्या वाट्याला अगदी निराळी वागणूक आलेली आढळते. भारतात दवाखान्यातील क्ष-किरण यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांतून जावे लागते, आणि त्या मंडळाची कचेरी घाटकोपरपासून फार दूर नाही, अणुशक्तिनगरातच आहे. चित्र पाहणाऱ्याची मात्र कोठेच नोंद नाही. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याला दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक हेच तीन वर्ग ठाऊक होते. त्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला, पण परदेशी रुग्णांच्या चित्रांवर घरून काम करणारा पदवीधर हा त्याच्याही चिंतेचा विषय नाही. माहिती-संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने परदेशी व्यक्तींच्या, परदेशी करारान्वये येथे हाताळल्या जाणाऱ्या माहितीला बहुतेक तरतुदींतून सूट दिली आहे. धंद्याच्या दृष्टीने ती सोयीची आहे. त्यामुळे घडते असे, की माहिती फुटल्यास जबाबदारी कोणाची आणि किती, हे मुख्यतः करारातील बारीक अक्षरांवर ठरते आणि ती अक्षरे एकाच बाजूने लिहिलेली असतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र एक शब्द असा आहे, की ज्याचा उपयोग होऊ शकेल. मालकासाठी स्वतःच्या घरी किंवा स्वतः निवडलेल्या जागी वस्तू वा सेवा निर्माण करणारी व्यक्ती ती संहिता गृहाधारित कामगार मानते. 'सेवा' हा शब्द त्यात स्पष्ट आहे. म्हणजे जबड्याची चित्रे लावणारी मुलुंडची दंतवैद्य आणि खडे चिकटविणारी मालाडची बाई या दोघी एकाच व्याख्येत बसू शकतात. पदवीधरांना हा शेजार रुचणार नाही, पण तो स्वीकारण्यातच त्यांचे हित आहे. अडचण पुढेच आहे. या वर्गासाठी संहितेने सरकारी योजनांचे आश्वासन दिले आहे. मालकाच्या वर्गणीचे, पगारी रजेचे किंवा नोटिशीचे नाही. याबाबतीत जुना कायदा अधिक धीट होता. घरी विडी वळणाऱ्या बाईला १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कामगार मानले होते आणि मध्ये ठेकेदार असला तरी मुख्य मालकाची सुटका केली नव्हती. टेक्ससच्या दंतवैद्याला मुंबईच्या कामगार न्यायालयात खेचणे शक्य नाही हे उघड आहे. परंतु काम येथे आणणारी, वाटणारी आणि त्यातून आपला हिस्सा ठेवणारी कंपनी जेथे भारतात नोंदलेली असते, तेथे तिला मुख्य मालक ठरविण्यास कोणती हरकत आहे? ज्यांचा करार थेट अमेरिकेशी आहे, त्यांना याचा लाभ होणार नाही. तरीही उरलेल्यांना ठेकेदाराच्या आडोशाशी झगडावे लागणार नाही.

या सगळ्यात एक विसंगती अशी आहे, की तिच्याकडे आरोग्यखात्याचे लक्ष जावयास हवे होते. बोरिवलीचा पदवीधर टेक्ससच्या तोंडात रोज डोकावतो. बोरिवलीहून लोकलने सुमारे तासाभराच्या अंतरावर पालघर आहे आणि त्यापलीकडे जव्हार-मोखाडा. तेथल्या तोंडात डोकावणारे कोणी नाही. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे; महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली तरी तंबाखू गेलेली नाही. तंबाखू आणि मद्य घेणाऱ्यांचे तोंड ठराविक काळाने नुसते डोळ्यांनी तपासले, तरी या रोगाचे मृत्यू कमी होतात, असे तिरुवनंतपुरम येथील दीर्घ पाहणीने २००५ मध्ये दाखवून दिले. गालाच्या आतला पांढरा चट्टा आरोग्यसेविकेच्या फोनवरही टिपता येतो. तो पाहून कोणाला तातडीने पुढे धाडावे हे सांगणारा डोळा उपनगरांत जागा आहे, तोही रात्रभर.

मार्च २०२० मध्ये केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे काढली ती वैद्यक परिषदेकडे नोंदलेल्या डॉक्टरांपुरती होती. दंतवैद्य निराळ्या कायद्याखालचे, म्हणून ते त्यांत आले नाहीत. परक्या जबड्याला करार आहे, दर आहे, वेळापत्रक आहे, आणि पालघरच्या जबड्याला यांपैकी काहीच नाही. ते देण्यासाठी नवे महाविद्यालय काढावे लागत नाही. दंतवैद्यांना दुरून तपासणीची स्पष्ट मुभा देणारा नियम हवा, प्रत्येक छायाचित्रामागे ठरलेला दर हवा आणि त्या अहवालाखाली पाहणाऱ्याची स्वतःची सही हवी. दराचा आकडा डॉलरच्या जवळपासही जाणार नाही, हे गृहीत धरूनही काही पदवीधर हे काम पत्करतील. मात्र झालेल्या कामाचे पैसे तिजोरीतून महिनोन् महिने निघाले नाहीत, तर तेही पुन्हा रातपाळीकडे वळतील.