दुर्बिणीपायी रेल्वे अडली, मग ती बघते तरी काय?

पुणे-नाशिक रेल्वेच्या वादात खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचं नाव आल्यापासून एकच सवाल कानावर येतोय: "त्या ३० तबकड्यांचा आपल्याला उपयोग काय?" सवाल रास्त आहे. माझ्या परीनं उत्तर देतो.

विश्वातला बहुतेक वायू दीर्घिकांच्या आत नाही, बाहेर पसरलाय. दीर्घिकेच्या मध्यावरचं कृष्णविवर आजूबाजूचं गिळताना प्रचंड ऊर्जा फेकतं. त्यानं हा वायू तापतो, दूर ढकलला जातो. वायू थंडच झाला नाही तर नवे तारे कमी बनतात. शास्त्रज्ञ हे महासंगणकावर आख्खं विश्व उभं करून तपासतात. पण तापवायचं किती आणि कसं, यात बराच अंदाज असतो. २०१४ च्या 'इलस्ट्रिस'मध्ये तो चुकला. दीर्घिकासमूहांतला वायू खऱ्यापेक्षा फारच जास्त बाहेर फेकला गेला. पुढच्या 'इलस्ट्रिस-टीएनजी'त तापवायची रीतच बदलावी लागली.

अशी चूक खऱ्या आकाशाकडे बघूनच कळते. ३९ कोटी प्रकाशवर्षं दूर, भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला कृष्णविवरानं तप्त वायूत भलंमोठं भगदाड पाडलंय. २०२० मध्ये ते पक्कं झालं, त्यात जीएमआरटीच्या नोंदीही होत्या.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दुर्बिणीभोवतीची रेडिओ-शांतता जपलीच पाहिजे. पण त्याची किंमत जुन्नर-नारायणगावची माणसं मोजणार असतील, तर विज्ञान दिनाच्या प्रदर्शनावर थांबू नका. ग्रामसभेत या, मराठीत सांगा. तेवढं त्यांचं देणं लागतोच.