पणजोबा सुभेदार नव्हते

पहिल्या महायुद्धावर गेलेला प्रत्येक मराठी पणजोबा सुभेदारच कसा असतो? साधा हिशोब करू. १९१४ साली हिंदुस्थानी पायदळाच्या एका पलटणीत साधारण साडेसातशे माणसं असायची. त्यात सुभेदार आणि जमादार मिळून सतरा. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस माणसांमागे एक. पण गावातले वास्तुशांतीचे फ्लेक्स, जत्रेच्या कमानी आणि फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुप बघा. साधा शिपाई कुणाच्याच घरात जन्मलेला दिसत नाही. मजूर तर नाहीच नाही.

मजूर मात्र ढिगाने गेले होते. त्या युद्धासाठी हिंदुस्थानातून चौदा लाखांच्या आसपास माणसं भरती झाली. त्यातली साडेपाच लाखांहून जास्त लढणारी नव्हती. हमाल, खेचरवाले, भिश्ती, आचारी, झाडूवाले. लष्कराच्या भाषेत यातले बरेच जण 'फॉलोअर'. आज इन्स्टावर हा शब्द सगळ्यांना हवा असतो, तेव्हा तो कुणालाच नको होता.

आमच्या घरी पणजोबांचं पदक आहे. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस, सोबत १९१४ आणि १९१८. याला ब्रिटिश वॉर मेडल म्हणतात. लढणाऱ्यांना ते चांदीचं मिळालं, मजुरांच्या तुकड्यांना ब्राँझचं. आमचं ब्राँझचं आहे. कडेवर क्रमांक, नाव आणि 'लेबर कोअर' असं ठोकलेलं आहे. मोबाइलचा कॅमेरा झूम केला की स्वच्छ वाचता येतं. तरीही आजोबांच्या जन्मशताब्दीच्या फ्लेक्सवर 'सुभेदारांचे चिरंजीव' असं छापायचं ठरलं. मी सगळ्यांसमोर कड वाचून दाखवली, तर काका म्हणाले, "अरे, कडेवरचं कोण वाचतंय?"

माझं भांडण या वाक्याशी आहे.

कडेवरचं न वाचण्याची सवय आपल्याला साहेबाने लावली. बसऱ्याच्या युद्धस्मारकात मेसोपोटेमियात मेलेल्या, पण कबर न सापडलेल्या चाळीस हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे. ब्रिटिश सैनिकांची नावं तिथे कोरली गेली. हिंदुस्थानी अंमलदारांचीही कोरली गेली. साध्या हिंदुस्थानी शिपायांसाठी मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. सातारा आणि कोकणातल्या कित्येक गावांत सरकारने लावलेल्या संगमरवरी पाट्यांवरही तेच आहे: गावातून किती गेले आणि किती मेले. नावं नाहीत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने या भेदभावाबद्दल माफी मागितली ती २०२१ साली.

साहेबाने नावाच्या जागी आकडा लिहिला. आपण नाव ठेवतो आणि त्याला खोटा हुद्दा चिकटवतो. माणूस दोन्हीकडे पुसला जातो. साहेबाला निदान माफी तरी मागावी लागली.

"म्हाताऱ्या माणसांना बरं वाटतं, तुझं काय बिघडतं?" असं मला विचारतात. बरंच बिघडतं.

पहिलं म्हणजे शोध तिथेच संपतो. जो लेबर कोअरमध्ये होता त्याला तुम्ही मराठा पलटणींच्या यादीत शोधत बसता. तो सापडत नाही, मग 'रेकॉर्ड जळलं' म्हणून मोकळे होता. मुळात त्याचा माग अवघड. पेन्शन न मिळालेल्या सैनिकाची कागदपत्रं पंचवीस वर्षांनी नष्ट करायचा लष्कराचा नियम आहे. उरते ती 'लाँग रोल' नावाच्या नोंदवहीतली एखादी ओळ. इंग्रजी कारकुनाने कानावर पडलं तसं स्पेलिंग केलेलं. सारख्या उच्चाराची नावं शोधायची साउंडेक्स ही पद्धत अमेरिकेत १९१८ साली पेटंट झाली, ती इंग्रजी आडनावं डोळ्यांसमोर ठेवून. आपले सावंत तिच्या जाळीतून सहज निसटतात. अशा डेटात आणखी खोटं मिसळणं म्हणजे उरलेला एकमेव लॉग स्वतःच्या हाताने डिलीट करणं.

दुसरं याहून वाईट. 'लढवय्या जमात' हे खूळ साहेबाचं. कोण शूर आणि कोण नाही, हे त्याने जातीवरून ठरवलं. याच खुळापायी १८९०च्या दशकात महारांची भरती बंद झाली. १९१७ साली माणसं कमी पडायला लागली तेव्हा '१११ महार' पलटण उभी केली, आणि युद्धानंतर मोडून टाकली. ज्यांना बंदूक नाकारली त्यांच्यासाठी फावडं आणि ओझं तेवढं उरलं. आज आपण मजुराला सुभेदार बनवतो तेव्हा साहेबाचंच म्हणणं मान्य करतो: गोळी झाडली तरच माणूस सांगण्यालायक, ओझं वाहिलं तर लपवण्यालायक.

मग कुत अल-अमाराचं काय करायचं? १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिथे वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरणागती पत्करावी लागली. त्यांच्या शौर्यात काहीच कमी नव्हतं. पण बसऱ्याला धड धक्का नव्हता, जहाजं माल घेऊन खोळंबत होती, नदीतून वर न्यायला बोटी पुरेशा नव्हत्या. त्यानंतर मजुरांच्या तुकड्यांनी धक्के बांधले, रूळ टाकले, पोती उतरवली, आणि मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं. रसदीवाचून पलटणीचं काय होतं ते कुतमध्ये दिसलं. तरी ती रसद वाहणाऱ्या पणजोबांची आपल्याला लाज वाटते.

पंजाबकडे बघा. तिथल्या सुमारे तीन लाख वीस हजार माणसांची गाववार नोंद असलेली रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. एका पंजाबी वारसा संस्थेने आणि ग्रिनिच विद्यापीठाने ती डिजिटल केली आणि २०२१ साली शोधण्यासाठी खुली करायला सुरुवात केली. आता लंडनमधला एखादा पोरगा फोनवर आपल्या गावाचं नाव टाकतो. आपल्याकडे पुतळे, कमानी आणि घोषणा भरपूर आहेत. नावाने शोधता येईल अशी यादी कुठे आहे? ती मागणारा मोर्चा मी तरी पाहिलेला नाही.

सरकार करेल तेव्हा करो. चांदीची पदकं कित्येक घरांतून सराफाकडे जाऊन वितळली, काही लिलावात परदेशी संग्राहकांच्या हाती गेली. ब्राँझला भाव नव्हता म्हणून ती ट्रंकेत राहिली. म्हणजे मजुरांचाच पुरावा आपल्या हाताशी आहे. यंदा गणपतीला गावी जाल तेव्हा पदक बाहेर काढा. पॉलिश करू नका, अक्षरं झिजतात. कडेचा फिरवत फिरवत व्हिडिओ घ्या. दुसऱ्या महायुद्धाची पदकं बहुतेक कोरी असतात, त्यामुळे नाव दिसलं नाही तरी घाबरू नका. गावातल्या पाटीचा फोटो घ्या. एका शेअर्ड शीटमध्ये पाच रकाने करा: क्रमांक, नाव, हुद्दा, तुकडी, गाव. कडेवरचं स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी तसंच उतरवा.

आणि हुद्द्याच्या रकान्यात मजूर असेल तर मजूर लिहा.